शकू, सुट्टीचा पहिला दिवस तू मयतीत घालवला

शकू, काल तुझं पुण्यानुमोदन झालं. वरवट बकालला, तुझ्या भावाच्या घरासमोर मांडव टाकून. जो बोलायला उठला तो म्हणाला, शकुंतलाबाई फार शांत, फार समजूतदार, कोणाला कधी त्रास म्हणून नाही. मी पुढच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि माझ्या डोक्याची शीर उडत होती. तुझ्या हाताखाली शिकलेला एक जण, आता तोही मास्तर झाला आहे, डोळे पुसत म्हणाला की बाईंनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. खोटं बोलायलाही काही हद्द असते. तू परिपाठाला उभी राहिली की तुझा आवाज बसस्टॉपवर ऐकू यायचा, कंडक्टर सांगायचा मला.

मग मला बोलायला सांगितलं, बाईंची जिवलग मैत्रीण म्हणून. मी उठले, माईक हातात घेतला आणि तोंडातून शब्द निघेना. सगळ्यांना वाटलं हुंदका आला. तुझ्या भावजयीने पाणी आणून दिलं. हुंदका नव्हता तो, शकू. तुझ्यावरचा राग होता, आणि तो माईकवर सांगण्यासारखा नव्हता. म्हणून घरी येऊन लिहायला बसले. तू असती तर म्हणाली असती, "लिहून काहून राह्यली वं, तोंडानं भांड नं." तोंडाने भांडायला समोर माणूस लागतो.

तुझा माझा वाद एकच होता आणि तो जुना होता. तुझ्या राहण्याचा. बुलडाण्याला डी.एड. करताना आपण एका खोलीत राहिलो, तेव्हा तू म्हटलं होतं की म्हाताऱ्या झाल्यावर पुन्हा अशाच राहू. पोरीबाळी काहीही बोलतात. पुढे मी शेगावला नोकरीला लागले, लग्न झालं, लेक झाली. तू वरवटच्या शाळेत लागली आणि भावाच्या घरात राहिली ती राहिलीच. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, त्याची लेकरं, सगळं तू पाहिलं. आधी तू समोरच्या खोलीत होती. भावजय आली तेव्हा मधल्या खोलीत गेली. लेकरं मोठी झाली तेव्हा मागच्या खोलीत, जिथे धान्याच्या कोठ्या होत्या. कोणी तुला हाकललं नाही, तूच उठून सरकत गेली. मी म्हटलं की शकू, आता याच्या मागे परसच आहे, तर तुला राग यायचा.

हे गेले, लेक सासरी गेली, आणि माझं शेगावचं घर रिकामं झालं. तू रिटायर झाली त्या दिवसापासून मी तुझ्या मागे लागले होते की ये राहायला. तू म्हणायची, "पाहू." मी म्हणायची, काय पाहायचं आहे, घर तू पाहिलेलं आहे, मला तू पाहिलेलं आहे. तू म्हणायची, "हाव, पण पाहू." मी चिडून फोन ठेवला की लगेच परत तुझाच फोन, चहाला काय ठेवलं विचारायला. माझ्या घरी तू यायची ती पिशवी घेऊन, आणि संध्याकाळच्या बसने परत. कितीही उशीर झाला, कितीही पाऊस असला तरी परत. एकदा तर तू माझ्या दारात आलेल्या ऑटोवाल्यालाच चहा पाजला, तो जाऊ नये म्हणून.

तेव्हा मी ठरवलं की हिला अशा ठिकाणी न्यायचं जिथून वरवटची बस नाही. तिथे बसवून हिच्याकडून हो म्हणवून घ्यायचं. अकोल्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे मी सिंगापूरचं पाहिलं होतं. तू म्हणाली, बाहेर जायचंच आहे तर बुद्धाच्या देशात जाऊ, श्रीलंकेत. मी म्हटलं, बुद्धाचा देश हाच आहे, त्यासाठी विमान कशाला. त्यावर तू जे सुरू झाली ते मी पैसे भरेपर्यंत थांबली नाही. ठीक आहे, श्रीलंका तर श्रीलंका. मी मनाशी सगळं आखलं होतं. पहिल्या दिवशी दुपारी नदीतली बोट, तिथे मगरी दिसतात असं पत्रकात छापलं होतं. संध्याकाळी समुद्र. समुद्राकाठी बसून विषय काढायचा. पहिल्याच दिवशी हो म्हणाली की पुढचे दिवस मोकळे.

मी राणी रंगाची साडी नेसले होते, जरीच्या काठाची. सुट्टी होती ना. तू मुंबईपासूनच पांढऱ्या साडीत. मी म्हटलं, विमानात चहा सांडेल. तू म्हणाली, सांडला तर सांडला, पण त्या देशात पाय ठेवताना पांढरंच पाहिजे. चहा सांडला, तो माझ्या साडीवर, आणि तुझ्या हातून.

कोलंबोच्या खाली समुद्राकाठचं ते गाव, त्याचं नाव आजही माझ्या जिभेवर बसत नाही. हॉटेलात सामान टाकलं. बोटीची बस जेवण झाल्यावर निघणार होती. मी म्हटलं जरा पाठ टेकू, विमानात काही झोप झाली नाही. तू म्हणाली, "झोपायले इतक्या दूर आलो का आपून? चाल, एक चक्कर मारू." म्हणून निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नारळ, मागे एक गल्ली, आणि गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या पताका. लाऊडस्पीकर चालू होता. त्यावर कोणी म्हणत होतं, बुद्धं सरणं गच्छामि.

तू रस्त्यातच थांबली. माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "मंगले, लगीन होय वं. आपलेच लोकं होय."

आता हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसेल. पण मलाही ते खरं वाटलं. कारण तुझ्या भाचीच्या लग्नात मी मांडवात होते. नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत, वरमाई पांढऱ्या साडीत, समोर बुद्धाची मूर्ती, आणि स्पीकरवर हेच त्रिसरण, हेच पंचशील. पताकाही होत्या. वरवटला जे लग्नात म्हणतात ते लंकेतही लग्नातच म्हणत असतील, एवढा साधा हिशोब आपण दोघींनी केला. वरवटला हेच मयतीतही म्हणतात, हे तुला जन्मापासून माहीत होतं. पण ते त्या वेळी तुला आठवलं नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला मयत कशी आठवेल?

लग्नाला रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून तू गल्लीच्या तोंडाशी विहाराच्या दारातल्या फुलवालीकडून निळ्या कमळांचा एक जुडगा घेतला. मी म्हणत होते, शकू, कोण कोणाचं, ओळख ना पाळख. तू म्हणाली, आपल्याकडे लग्नाच्या मांडवाला कोणी बोलावून येतं का, जो दिसला तो जेवतो. आणि पदर सारखा करून, दात दाखवत, हात जोडत तू पताकांच्या त्या घरात शिरली.

त्या लोकांचाही दोष नाही. पांढऱ्या साडीतली एक वयस्क बाई, हातात कमळं, पंचशील ओठांवर. त्यांनी वाट करून दिली, मान लववली, आणि आपल्याला थेट आत नेलं. आत बैठकीत, पंख्याखाली, अगदी मधोमध, उघड्या पेटीत एक म्हातारी बाई निजवलेली होती. पांढरा ब्लाऊज, हात पोटावर. तुझं हसू चेहऱ्यावर अर्ध्यात राहिलं. मागे मी, राणी रंगात, जरीच्या काठात, चहाच्या डागासकट. जमीन दुभंगली असती तर मी खुशीने आत गेले असते.

मी तुझा पदर ओढला. हळूच म्हटलं, चाल, फुलं ठेव आणि निघ. कोणत्याही शहाण्या बाईने तेच केलं असतं. तू फुलं ठेवली, वाकून नमस्कार केला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मयतीच्या घरून असं पलटून जात नसते. बस खाली."

आणि बसली. चटईवर, मांडी घालून, पहिल्या ओळीत. मला बसावं लागलं.

मी तेव्हा मनातून तुला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पैसे भरून, पासपोर्ट काढून, पोलीस पडताळणीला खेटे घालून, मुंबईच्या विमानतळावर चपला काढून, दुसऱ्या देशात येऊन परक्याच्या मयतीत बसायचं. शेगावात काय मयती कमी होत्या? आणि वर चहा आला. काळा, बिनदुधाचा, पण वाफाळता, सोबत बिस्किटं. माझ्या पोटात पहाटेपासून विमानातला एक पाव होता फक्त. मी हात पुढे केला, तर तू माझं मनगट धरलं. मयत घरात असताना पाणीही नाही प्यायचं, म्हणाली. मी म्हटलं, अगं त्यांच्यात पितात, पाहा, सगळे पिऊन राहिले. तू म्हणाली, त्यांच्यात पीत असतील, आपल्यात नाही. मी म्हटलं, तुमच्यात नसेल, माझ्यात मला भूक लागली आहे. तू मनगट सोडलं नाही. चहा आणणाऱ्या माणसाला तू हात जोडले, आणि त्याला ते काय कळलं कोण जाणे, त्यानेही हात जोडले आणि ट्रे पुढे नेला. ती बिस्किटं मला अजून दिसतात.

हे सगळं खरं. पण तिथे बसल्या बसल्या मला यांचे दिवस आठवले, हेही खरं. हे गेले तेव्हा सगळ्यांच्या आधी तू आली होती. कोणाचा फोन गेला, कशी आली, मला आजही माहीत नाही. माझ्या शेजारी बसली आणि यांना नेईपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. माझे सख्खे लोक पाळीपाळीने आत जाऊन चहा पिऊन येत होते. तू हलली नाही. मला तेव्हा आधार वाटला होता तो तुझ्या बोलण्याचा नाही, कारण त्या दिवशी तू काहीच बोलली नाही. तुझ्या गुडघ्याला माझा गुडघा लागलेला होता, एवढंच. शकू, त्या उपकाराबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असती, नाटकं नको करू.

भन्ते आले. म्हणायला लागले आणि तू त्यांच्याबरोबर सुरू झाली. पाली तुझी पाठ, आवाज तुझा तो. लोक वळून पाहायला लागले. मी खाली मान घातली. मग त्या घरातली एक तरुण बाई आपल्याजवळ येऊन बसली, तिला इंग्रजी येत होतं. हळूच विचारलं, कुठून आलात? तू सांगितलं, वरवट बकाल. इंडिया नाही, महाराष्ट्र नाही, वरवट बकाल. तिने समजल्यासारखी मान हलवली. मला पहिल्यांदा हसू आलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं, तर त्या बाईला वाटलं मी रडते आहे. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

तिच्याकडून कळलं की गेलेली तिची मावशी होती. लग्न केलं नाही, सगळं आयुष्य याच घरात काढलं. तू मला मध्ये घालून तिला विचारत सुटली. घर कोणाचं? मावशीच्या आईवडिलांचं. म्हणजे मावशीचं की नाही? आमचं सगळ्यांचं. मावशीची खोली कोणती? त्या बाईला प्रश्न कळेना. मी म्हटलं, शकू, त्यांच्या घरी मयत आहे, तू काय जमाबंदी करून राहिली. पण तुझी नजर त्या पेटीवर, त्या पंख्यावर, भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्यांवर फिरत होती. मग माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "बैठकीत ठेवलं वं तिले. मधात." मी म्हटलं, मग कुठे ठेवतील?

शेवटी त्या लोकांनी झारीतून एका वाटीत पाणी ओतलं, वाटी भरून वाहेपर्यंत. घरातल्या सगळ्यांचा हात त्या झारीला. तू म्हणाली, हे आपलं जलदान आहे. गेलेल्या बाईची म्हातारी बहीण, तिने इकडे पाहिलं, काय वाटलं तिला, सरकत आली, तुझा हात धरला आणि झारीला लावला. तुझा चेहरा मी पाहिला तेव्हा. शाळेत झेंडा फडकवताना जसा असायचा तसा होता. मला त्या वेळी तुझा राग आला नाही, हे कबूल करते. नंतर आला.

समोरच्या दारातून पेटी निघाली. आपण गल्लीच्या टोकापर्यंत मागे चाललो. हॉटेलवर पोचलो तेव्हा बोटीची बस निघून गेली होती आणि गाईड आपल्याला शोधत समुद्रावर फिरत होता, बुडाल्या की काय म्हणून. संध्याकाळी परत आलेल्या मंडळींनी जेवताना मोबाईलवर मगर दाखवली. पूर्ण सहलीत ती मगर मला सतरा वेळा पाहावी लागली.

खोलीत आल्यावर आपलं जुंपलं ते आठवते ना? मयतीतून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय मी कशाला शिवत नाही. मी दारातच उभी, म्हटलं आधी न्हाणीत जा. तू सरळ जाऊन पलंगावर बसली, माझ्या पलंगावर, आणि पाय वर घेतले. म्हणाली आमच्यात नाही हे. मी म्हटलं माझ्यात आहे. तू म्हणाली, "तुह्या देवाशी माहं भांडण नाही, मंगले, तुह्याशी आहे." मी चादर ओढली, तू ती धरून ठेवली. साठीच्या दोन बाया, परदेशात, हॉटेलच्या चादरीसाठी ओढाताण. मग मी म्हटलं, तुझ्यासोबत एका घरात राहायचं म्हणजे कपाळमोक्ष आहे. रागात निघालं. तू चादर सोडली आणि गुपचूप आंघोळीला गेली. मला वाटलं, झालं. ज्यासाठी इतक्या लांब आणलं ते मीच बुडवलं.

म्हणून संध्याकाळी समुद्राकाठी मी विषय काढलाच नाही. आपण वाळूत बसलो होतो, मध्ये जागा सोडून. मी मक्याचं कणीस घेतलं होतं, तुलाही दिलं. तू ते हातात धरून ठेवलं आणि समोर पाहत म्हणाली, "मंगले, माही मयत तुह्या घरून निघन का?"

दिवसभराचा सगळा ताप वर आला. मी म्हटलं, शकू, सुट्टीचा पहिला दिवस आहे. सकाळपासून उपाशी ठेवलं, मयतीत बसवलं, बोट गेली, आणि आता हे? तू शांतपणे म्हणाली, "सुट्टीतच इचारीन ना. शाळा होती तव्हा कुठं वेळ होता."

मग तू सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भाऊ चांगला आहे, भावजय चांगली आहे, लेकरं जीव लावतात. पण मागच्या खोलीत मेलेल्या माणसाला समोर आणतात की परसदारातून नेतात, हे मला माहीत नाही, म्हणाली. विचारायची सोय नाही. त्यांना वाईट वाटेल. आणि मंगले, तुझ्याकडे यायचं तर पाहुणी म्हणून नाही यायचं. पाहुण्याची मयत त्याच्या गावाला पोचवतात. घरच्याची घरून निघते. तुझ्या बैठकीत, तुझ्या देवांच्या फोटोसमोर, माझे लोक येऊन त्रिसरण म्हणतील आणि मला समोरच्या दाराने नेतील, असं होईन का ते सांग. मग मी राहायला येतो.

माझा जीव भरून आला होता. पण तुझ्यासमोर जीव भरून आलेला दाखवायची पद्धत आपल्यात नाही. मी कणसाचा चावा घेतला आणि म्हटलं, "निघन. पण आधी राहायले तं ये."

तू म्हणाली, "हाव." आणि ते कणीस खाल्लं. पुढचे दिवस तू इतकी हसली, इतकी बडबडली की बसमधल्या मंडळींनी तुला पुढची सीट दिली.

मी परत आल्या आल्या कामाला लागले. देव्हाऱ्याच्या शेजारची खोली रंगवली. तुझ्या गुडघ्यांसाठी संडास बदलून घेतला. खिडकीला जाळी लावली, कारण तुला डास सहन होत नाहीत. भिंतीत एक कोनाडा करून घेतला तुझ्या मूर्तीसाठी, आणि गवंड्याशी भांडून तो पूर्वेच्या भिंतीतच करून घेतला. तू म्हणाली, भाच्याची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली. मग भावजयीचं ऑपरेशन होऊ दे. ते झालं. मग कपाशी वेचून होऊ दे, सगळे वावरात, घरात बाई माणूस नाही. मी म्हटलं, शकू, कापूस दरवर्षी येणार आहे. तू म्हणाली, "येतो वं, येतो, खोली काय पळून चालली?" मी फोनवर ओरडले होते त्या दिवशी. ते आपलं शेवटचं भांडण. त्यात नवीन काही नव्हतं.

मग तुझ्या भाच्याचा फोन आला की आत्याला अटॅक आला, अकोल्याला नेऊन राहिलो. मी पोचले तेव्हा तू गेलेली होती. मी रडले नाही, शकू. मला एकच सुचत होतं. दवाखान्याच्या आवारात तुझा भाऊ गाडीची वाट पाहत उभा होता. मी त्याला म्हटलं, भाऊ, गाडी शेगावला माझ्या घरी थांबेल. तिथून निघेल.

तो म्हणाला, "ताई, तिचं घर वरवटले आहे. लोकं म्हणतीन, सख्ख्या भावानं बहीण दाराशी नाही येऊ देली."

त्याचं बरोबर होतं. आणि तुझा मला तिथे इतका राग आला की काय सांगू. एवढं मोठं मागणं मला समुद्राकाठी सांगितलं आणि ज्याला सांगायचं त्याला एका शब्दाने नाही. आता मी त्याला काय सांगू? की तुमची बहीण धान्याच्या कोठ्यांशेजारी झोपताना काय विचार करत होती? ज्याला तू लहानाचं मोठं केलं त्याचं काळीज मी फाडू? मी एवढंच म्हटलं की ती माझ्याकडे कायमची राहायला येणार होती, खोली तयार आहे, आणि तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. तो म्हणाला, असं म्हणाली ती? मी म्हटलं, हो. त्याने पुढे विचारलं नाही. शेणातला किडा जरी असता तरी त्याला कळलं असतं की मी काहीतरी गिळते आहे, आणि तुझा भाऊ तर शहाणा माणूस.

मी गाडीत तुझ्याजवळ बसले, तो पुढे ड्रायव्हरजवळ. बाळापूर गेलं, तो बोलला नाही. मला वाटलं, नाही थांबणार गाडी. मी काय करणार होते, कोणत्या नात्याने अडवणार होते? शेगावचा चौक आला. वरवटला जायचं तर सरळ जावं लागतं. त्याने ड्रायव्हरच्या दंडाला हात लावला आणि म्हणाला, "इथून वळव."

शेजारच्या वहिनींनी बैठक रिकामी केली. सोफा अंगणात काढला. कोणी तरी दबक्या आवाजात विचारलं की घरात कशाला, अंगणात ठेवली तर नाही का चालत. मी त्या बाईकडे असं पाहिलं की ती आत चहा करायला निघून गेली. तुला पंख्याखाली ठेवलं, मधात. भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो होता, तो तसाच राहू दिला. वरवटहून तुझे लोक आले, जीपा भरभरून. माझ्या बैठकीत मावेनात, अंगणात उभे राहिले, आणि सगळ्यांनी मिळून त्रिसरण म्हटलं. मला पाठ नव्हतं, पण मीही म्हटलं, चुकत माकत. मी पाणी प्यायले नाही. तुझ्या भावाने खांदा दिला. समोरच्या दारातून तुला काढलं, उंबऱ्यावर जरा अडकलं, दार थोडं अरुंद आहे, मग पुन्हा गाडीत घालून वरवटला नेलं.

काल मांडवात तुझ्या भाच्याने सांगितलं की शेगावच्या ताईंनी आत्याचा शब्द राखला. लोकांनी माना हलवल्या. एका बाईने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. राखला म्हणे शब्द. शकू, मी समुद्राकाठी निघन एवढंच म्हटलं नव्हतं. आधी राहायले ये, असंही म्हटलं होतं. तू नेहमीसारखं अर्धंच ऐकलं.